बसलेला हात आणि बसवलेला हात

वाचकांचे प्रश्न : ड्रमवादन

गणपती जवळ आले की गोदाकाठच्या मोकळ्या जागांवर ढोल-ताशांचा सराव सुरू होतो, आणि त्याच सुमारास या सदराकडे तालवाद्यांविषयीची पत्रे अधिक येऊ लागतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. मात्र त्यातील बराचसा भाग इतर तिघांनाही लागू पडणारा असल्यामुळे ते छाटलेले नाही.

प्रश्न : मी २२ वर्षांचा असून सहा वर्षे एका ढोलपथकात ताशा वाजवतो. चार वर्षांपूर्वी जुना ड्रमसेट विकत घेतला आणि व्हिडिओ पाहून शिकलो. मित्रांच्या बँडमध्ये वाजवतो आणि कार्यक्रमांत टाळ्याही मिळतात. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओत गेलो. तेथे कानात मेट्रोनोमची, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राची, टिकटिक लावून वाजवायला सांगितले आणि तीन तासांत एक गाणेही धड झाले नाही. आता क्लास लावावा असे वाटते. पण मित्र म्हणतात की क्लासमुळे वाजवण्यातला जिवंतपणा जातो, मोठमोठे ड्रमवादक कोणाकडे शिकलेच नव्हते आणि दहा हजार तास वाजवले की सगळे आपोआप येते. मी काय करावे? — एक वाचक, सिडको

उत्तर : स्टुडिओतल्या त्या तीन तासांबद्दल वाईट वाटून घेऊ नका. त्या तासांनी तुम्हाला जे सांगितले ते सहा वर्षांत पथकातले कोणी सांगू शकले नसते, आणि त्याचे कारण पथकाच्या रचनेतच आहे. पथकात लय देण्याचे काम ताशाचे असते. ताशा पळाला की ढोल त्याच्यामागे पळतात, टोलही पळतो, आणि सगळेच एकत्र पळाल्यामुळे कोणी पळाले आहे हे कोणालाच, अगदी ताशा वाजवणाऱ्यालाही, कळत नाही. मिरवणुकीत त्यामुळे काही बिघडत नाही. तेथे लय चढत जाणे हाच रिवाज आहे आणि माणसे नाचतात ती त्या चढण्यावरच. मेट्रोनोम हा तुम्हाला भेटलेला पहिला साथीदार असा आहे की जो तुमच्यामागे येत नाही.

माझा अंदाज असा आहे की ठेका धरून वाजवताना तुम्ही बहुधा ठीक होता आणि ठेका सोडून टॉमवर, म्हणजे सेटमधल्या छोट्या-मोठ्या ढोलांवर, फिरताना (याला फिल घेणे म्हणतात) पुढे गेलात. ताशा वाजवणाऱ्यांचे हात पहिल्यापासूनच वेगवान असतात, पण पायांना काहीच काम नसते. त्यामुळे ड्रमसेटवर बसल्यावर हात फिलमध्ये गुंतले की हाय-हॅटवरचा, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवरचा, डावा पाय थांबतो, लय मोजणारे अंगात कोणीच उरत नाही, आणि पुढच्या आवर्तनाचा पहिला ठोका अर्धी चुटकी आधी पडतो. दुसरी जागा म्हणजे गाण्याचा हळुवार भाग. आवाज कमी करायला गेले की बहुतेकांची लय ओढली जाते. ध्वनिमुद्रण तुमच्याकडे असेल तर याच दोन जागा ऐकून पाहा.

आता मित्रांचे म्हणणे पाहू. ते अर्धे खरे आहे. अमेरिकेतील जाझ ड्रमवादक बडी रिच (१९१७–१९८७) यांनी रीतसर शिक्षण घेतले नव्हते आणि त्यांना नोटेशन वाचता येत नसे. नवी रचना ते आधी दुसऱ्या ड्रमवादकाकडून वाजवून घेत, ऐकत आणि मग स्वतः वाजवत. मात्र ही गोष्ट सांगताना पुढचा भाग गाळला जातो, तो असा की आई-वडिलांच्या रंगमंचीय कार्यक्रमामुळे ते चालू-बोलू लागले तेव्हापासूनच प्रेक्षकांसमोर वाजवत होते, म्हणजे लहानपणापासून त्यांना व्यावसायिक वादकांचा सहवास आणि प्रेक्षकांचा धाक या दोन्ही गोष्टी मिळाल्या. आपल्यापैकी किती जणांना ते लाभते? दुसरीकडे ड्रमवादक टोनी विल्यम्स हे बॉस्टनमध्ये लहान वयातच ॲलन डॉसन यांच्याकडे शिकले आणि १९६३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, प्रसिद्ध जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्यासोबत वाजवू लागले. त्यांच्या वाजवण्यात जिवंतपणा नव्हता असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मला सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण ‘रश’ या कॅनडातील रॉक बँडचे ड्रमवादक नील पिअर्ट (१९५२–२०२०) यांचे वाटते. वीस वर्षे जगभर गाजल्यानंतर, १९९०च्या दशकाच्या मध्यात, ते फ्रेडी ग्रुबर या शिक्षकांकडे विद्यार्थी म्हणून गेले आणि स्टिक धरण्यापासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

दहा हजार तासांची गोष्ट ज्या अभ्यासावरून निघाली तो मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला होता. बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांपैकी सर्वांत वरच्या गटाने विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेला सराव सरासरीने दहा हजार तासांच्या आसपास भरला होता. ही सरासरी होती. ती ओलांडली की माणूस उस्ताद होतो असे त्या अभ्यासकांनी म्हटलेले नव्हते. शिवाय त्यांना अभिप्रेत असलेला सराव हा शिक्षकाने आखून दिलेला, नेमक्या उणिवेवर बोट ठेवून केलेला सराव होता. २०१४ मध्ये अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा संगीतातील कौशल्यात माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकापैकी सुमारे २१ टक्के फरकाचा उलगडा अशा सरावाने झाला. ही टक्केवारी लहान नाही. पण तास भरले की काम झाले असे समजण्याइतकी मोठीही नाही.

तासांचा हिशेब फसवा का असतो हे मी माझ्याच मनगटावरून शिकलो. विशीत एका ऑर्केस्ट्रात वाजवत असताना डावी स्टिक मी मुठीत आवळून धरत असे. कार्यक्रम रोज होत होते, म्हणजे तासांची कमतरता नव्हती, आणि हात दुखणे हे मेहनतीचे लक्षण आहे अशी माझी पक्की समजूत होती. पुढे एका शिक्षकांनी पहिल्याच दिवशी दाखवून दिले की स्टिक आपटली की ती स्वतःहून उसळी घेऊन वर येते आणि मी दर ठोक्याला ती उसळी दाबून टाकतो. म्हणजे जे काम कातडे फुकट करून देत होते ते मी स्नायूंकडून करून घेत होतो. ती सवय मोडायला आठ महिने लागले. हात बसतो तो चुकीच्या जागीही तितकाच पक्का बसतो, आणि आपला आपल्याला तो बरोबरच वाटत असतो.

तुमच्या पत्रात ‘मी काहीच शिकलेलो नाही’ असा सूर आहे, तो मात्र मला मान्य नाही. पथकात नव्या मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी ताशा देत नाहीत. आधी ढोल, त्यातही आधी साधे हात, मग अवघड हात, जुन्यांनी उभे राहून ऐकणे आणि टिपरू चुकले की सर्वांसमोर थांबवणे, हा क्रम तुम्ही पाळलेला आहे. कागद नसला तरी ते रीतसर शिक्षणच होते. ड्रमसेटच्या बाबतीत तुम्ही हा क्रम सोडलात, कारण व्हिडिओ दाखवतो पण तुमचे ऐकत नाही.

तेव्हा शिक्षक अवश्य शोधा, आणि जाताना ते ध्वनिमुद्रण सोबत न्या. ते ऐकून जे तुमच्या दोषाची नेमकी जागा सांगतील त्यांच्याकडे शिका. तोपर्यंत घरी मेट्रोनोम ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांवर, लावा. हा वेग तुम्हाला हास्यास्पद वाटेल, पण १२० च्या गतीत दोन ठोक्यांमध्ये अर्ध्या सेकंदाचे अंतर असते आणि ६० मध्ये पूर्ण सेकंदाचे. अंतर जितके मोठे तितकी ते भरून काढण्याची जबाबदारी तुमच्यावर अधिक, आणि पळणारा हात तेथेच पकडला जातो. तीन आवर्तने ठेका आणि एक आवर्तन फिल असे वाजवा, डावा पाय हाय-हॅटवर एकदाही थांबू देऊ नका, आणि फोनवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलेत तर स्वतःला माफ कराल. हे जमल्यावर मेट्रोनोम ३० वर ठेवून तीच गत वाजवा, म्हणजे टिकटिक एकाआड एक ठोक्यालाच ऐकू येईल आणि मधला ठोका तुमचा तुम्हाला सांभाळावा लागेल. पथक सोडू नका.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तीन महिन्यांपासून तो ड्रमच्या वर्गाला जातो, पण शिक्षकांनी त्याला अजून ड्रमसेटवर बसूच दिलेले नाही. रबरी पॅडवर ‘उजवा-डावा’ एवढेच चालू आहे. तो कंटाळला आहे आणि आम्हालाही फी वाया जात असल्यासारखे वाटते. वर्ग बदलावा का? तसेच ग्रेडच्या परीक्षांना बसवावे का? आम्हा दोघांनाही संगीतातले काही कळत नाही. — एक पालक, गंगापूर रोड

उत्तर : पॅडवर भर देण्यात शिक्षकांचे चुकलेले नाही, आणि केवळ पॅडवरच ठेवण्यात चुकले आहे, असे माझे मत आहे.

ड्रमसेट हे दोष झाकणारे वाद्य आहे. झांजांचा आवाज लांबत राहतो, पायाने वाजवायच्या मोठ्या बेस ड्रमचा घुमतो, आणि त्या गदारोळात डावा हात उजव्यापेक्षा कमजोर पडतो आहे हे नऊ वर्षांच्या मुलाला ऐकू येत नाही. पॅडवर ते लपत नाही. तेथे जे शिकवतात त्यांना रुडिमेंट म्हणतात. ते मूळचे लष्करी ड्रमवादकांचे पाठ आहेत. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील एका वादकसंघटनेने त्यांतील १३ पाठ आवश्यक ठरवले आणि १९८४ मध्ये पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने ४० पाठांची यादी निश्चित केली, जी आज जगभर शिकवली जाते. त्यांतील पॅराडिडल हा पाठ ‘उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा’ असा चालतो. दिसायला पोरखेळ आहे. पण चार ठोके झाले की सुरुवात आपोआप दुसऱ्या हाताकडे जाते, आणि एकदा हे बसले की पुढे सेटवर कोणता हात कोठे मोकळा राहील हे मुलाला शोधावे लागत नाही. घरात पाढे म्हणतात तसे त्याला हे मोठ्याने म्हणू द्या. तोंडाला आले की हाताला लवकर येते.

तथापि, मूल ड्रम शिकायला येते ते सेट पाहून, आणि तीन महिने तो नुसता पाहत बसायला लावणे म्हणजे पोहायला आलेल्या मुलाला काठावर बसवून हात मारायला लावण्यासारखे आहे. काठावर हात मारणे गरजेचे असते, पण पाण्यात उतरल्याशिवाय ते कशासाठी हे कळत नाही. हाय-हॅटवर आठ ठोके, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला पाय, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर (समोरचा करकरीत आवाजाचा ड्रम), एवढा साधा ठेका बहुतेक मुलांना पहिल्या काही तासांत धरता येतो, आणि तो धरता आला की मूल घरी सर्वांना वाजवून दाखवते. वर्ग बदलण्याआधी शिक्षकांना शांतपणे विचारा की दर तासाची शेवटची दहा मिनिटे सेटवर देता येतील का. त्यांनी कारण सांगून नकार दिला तर ते कारण ऐका. कारणच न सांगता ‘आमची पद्धत अशीच आहे’ असे म्हणाले तर दुसरा वर्ग पाहण्यास हरकत नाही.

तुम्हाला संगीत कळत नसले तरी प्रगती तपासता येते. मुलगा पॅडवर वाजवत असताना डोळे मिटून बसा. कोणता ठोका उजव्याचा आणि कोणता डाव्याचा हे केवळ आवाजावरून ओळखता आले तर काम बाकी आहे. ओळखता येईनासे झाले की फी वाया गेलेली नाही. सराव रोज पंधरा मिनिटेच पण रोज असावा. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही.

परीक्षांविषयी थोडे सावधपणे सांगतो. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि रॉकस्कूल या दोन्ही ब्रिटिश परीक्षासंस्थांच्या ड्रमच्या परीक्षा पूर्वतयारीच्या पायरीपासून आठव्या ग्रेडपर्यंत असतात, आणि त्यांमुळे अभ्यासाला क्रम, वेळेचे बंधन आणि त्रयस्थ परीक्षकाचा कान या तिन्ही गोष्टी मिळतात. परीक्षा हे काही परक्यांचे खूळ नाही. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गुरूच्या घरातले संगीत वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांत आणले, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचे वास्तव्य आपल्या पंचवटीतच होते. पण मी अशीही मुले पाहिली आहेत की जी वर्षभर तीनच रचना घोटतात, उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतात, आणि वाढदिवसाला कोणी चौथे गाणे लावले की स्टिक खाली ठेवतात. त्यामुळे पहिले वर्षभर परीक्षा नको. त्यानंतर त्याने स्वतः म्हटले तर बसवा, आणि परीक्षेच्या रचनांखेरीज महिन्याला एक तरी गाणे केवळ आवड म्हणून बसवून घ्या.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. तबल्याची मध्यमा पूर्ण परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. आता ड्रम शिकण्याची इच्छा आहे. तबल्याचा काही उपयोग होईल का, की शून्यापासून सुरुवात करावी लागेल? स्टिकमुळे तबल्याचा हात बिघडेल अशी भीती घरच्यांना वाटते. — एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : कान आणि मोजदाद यांत तुम्ही बऱ्याच पुढे आहात, आणि हातपायांच्या बाबतीत अगदी पहिल्या इयत्तेत. ज्याने झपतालाच्या दहा मात्रा आणि रूपकाच्या सात मात्रा हातावर टाळी-खाली धरून म्हटल्या आहेत त्याला पाचाच्या किंवा सातच्या गतीतले गाणे घाबरवत नाही. नुसत्या ड्रमच्या विद्यार्थ्यांना तेथे घाम फुटतो. ठाय, दुगुन, तिगुन, चौगुन करण्याची सवय असल्यामुळे लयीच्या पोटात लय बसवणे तुम्हाला नव्याने शिकावे लागणार नाही. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणे, तर सोडूच नका. ड्रमचे शिक्षकही मुलांना मात्रा मोठ्याने मोजायला लावतात ते याचसाठी.

अडचण येईल ती दोन ठिकाणी. तबल्यात बोट आणि तळवा कातड्याला प्रत्यक्ष लागतात, त्यामुळे आवाजाचा रंग बोटांच्या ताब्यात असतो. स्टिकमध्ये तो ताबा मनगट, बोटे आणि उसळी यांच्यामध्ये वाटला जातो, आणि तबलावादक सुरुवातीला स्टिक बोटांच्या टोकांत घट्ट पकडतात. दुसरी अडचण पायांची. चारही अवयवांना वेगळी कामे देणे हे कौशल्य तबल्यातून येत नाही, त्यामुळे चौगुनीत खेळणारा तुमचा हात बेस ड्रमच्या एका साध्या ठोक्यासाठी अडखळेल आणि काही आठवडे फार अपमान वाटेल. तो सहन करा.

तबल्याचा हात बिघडत नाही, एका अटीवर : दोन्ही रियाज एकापाठोपाठ करू नका. तबला आधी, हात ताजे असताना. ड्रम नंतर, मध्ये काही तासांचे अंतर ठेवून. मुंबईत १९५१ मध्ये जन्मलेले त्रिलोक गुर्टू तबला शिकून ड्रमकडे वळले आणि जमिनीवर बसून वाजवता येईल असा स्वतःचा संच त्यांनी मांडला. म्हणजे एक सोडूनच दुसरे धरावे लागते असे नाही. घरच्यांना त्यांचे वादन ऐकवा.

प्रश्न : प्रेसमधून निवृत्त होऊन तीन वर्षे झाली. तरुणपणापासून ड्रमची हौस होती. वय ६३. आता शिकण्यात अर्थ आहे का? आम्ही तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये राहतो. — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : वयाचा प्रश्न सोपा आहे आणि फ्लॅटचा अवघड. या वयात वेग उशिरा येतो. लय समजायला मात्र उशीर लागत नाही, आणि प्रौढ विद्यार्थी सांगितलेले ऐकतात हा मोठाच फायदा. शिक्षक मात्र पहिल्या दिवसापासून हवा, कारण चुकीच्या पकडीमुळे दुखावलेले मनगट वीस वर्षांच्या मुलात आठवड्यात बरे होते, तुमच्या-माझ्या वयात होत नाही.

निवासी भागात आवाजाची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे, आणि साधा ड्रमसेट बंद खोलीत सहज १०० च्या पुढे जातो. तुमच्या कानांचाही विचार करा : ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, या अमेरिकेत शिफारस केलेल्या प्रमाणाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे मिळतात. म्हणून वर्गात वाजवताना कानात बोळे अवश्य घाला. घरी पहिले सहा महिने केवळ पॅड आणि मेट्रोनोम पुरतात. त्यानंतर जाळीदार पृष्ठभागाचा इलेक्ट्रॉनिक सेट घेऊन हेडफोन लावता येईल, पण तेथे एक फसगत होते : हातांचा आवाज हेडफोनमध्ये जातो आणि पेडलचा धक्का स्लॅबमधून थेट खाली. जाड रबरी चटई घातल्यावर तो कमी होतो, पूर्ण जात नाही. तेव्हा सेट घेतल्यावर एका संध्याकाळी घरातल्या कोणाला तरी पेडल मारत बसवा, आणि तुम्ही स्वतः दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे चहाला जाऊन वर पाहत तो आवाज ऐका.